आपल्या भागातले कांगारू आणि वॉलबी नोंदवायचे कसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आपल्या मंडळींकडून हे प्रश्न सारखे येतात, कधी वॉकला, कधी बार्बेक्यूला, कधी गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाता खाता, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी मेलबर्नच्या उत्तरेकडे राहते त्यामुळे उदाहरणं जास्त करून व्हिक्टोरियाची येतील, सिडनी-ब्रिस्बेन-पर्थवाल्यांनी सांभाळून घ्या, पद्धत सगळीकडे तीच आहे.

कांगारू तर इथे ढिगाने आहेत, मग नोंदवायचं कशाला?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि खरं सांगायचं तर सगळ्यात महत्त्वाचा पण हाच. ढिगाने आहेत म्हणूनच कोणी नोंदवत नाही. दुर्मीळ पक्षी दिसला की दहा जण कॅमेरा घेऊन धावतात, घरामागच्या मोकळ्या मैदानात चरणाऱ्या आठ कांगारूंकडे कुणी बघतही नाही, आणि मग तिथे इस्टेट उभी राहते, रस्ता होतो, कुंपण येतं, आणि पाच वर्षांनी कुणी विचारलं की इथे कांगारू होते का हो, तर उत्तर काय, "होते बहुतेक". मर्न्डा, साउथ मोरँग, डोरीन या पट्ट्यात हे डोळ्यांसमोर चालू आहे. नवीन घरांच्या मधे कळपच्या कळप अडकतात, इकडे रस्ता तिकडे कुंपण, बाहेर पडायला वाट नाही, इथे त्यांना सरळ "लँडलॉक्ड" कांगारू म्हणतात. अशा ठिकाणी कुणीतरी दर थोड्या दिवसांनी तारीख आणि जागेसकट एक साधा फोटो टाकत राहिलं तर ते कधी होते, किती होते, कधीपासून दिसेनासे झाले हे सगळं मागे राहतं. ही नोंद शास्त्रज्ञ येऊन करणार नाहीत, ते रोज तुमच्या गल्लीत नसतात, तुम्ही असता.

ठीक आहे, पण नोंदवायचं कुठे?

आयनॅचरलिस्टवर, म्हणजे दिसलेल्या प्राणी-पक्षी-झाडांची नोंद फोटोसकट टाकायची आणि बाकीच्यांनी ती ओळखायला मदत करायची जागा. फुकट आहे, फोनवर ॲप आहे, वेबसाइट पण आहे. २००८ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात मास्टर्स करणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट म्हणून सुरू झालं आणि आता जगभर वापरतात. ऑस्ट्रेलियाची शाखा अॅटलस ऑफ लिव्हिंग ऑस्ट्रेलिया सांभाळते, म्हणजे सीएसआयआरओ या इथल्या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेच्या छत्राखालचा देशाचा जैवविविधतेचा डेटाबेस, तुमची नोंद पक्की झाली की तिकडे आपोआप जाते. कॅनबेराच्या लोकांकडे कॅनबेरा नेचर मॅप पण आहे, तिथली माणसं त्यावर खूप ॲक्टिव्ह असतात, तिकडे राहत असाल तर ते बघा. पण एकच काहीतरी निवडायचं असेल तर आयनॅचरलिस्ट.

फेसबुकवर टाकलं तर नाही का चालत?

लाइक मिळतील. शोधायला गेलं तर तीन महिन्यांनी तुम्हालाच सापडणार नाही.

पहिली नोंद कशी करायची, सोपं करून सांगा

ॲपमध्ये अकाउंट काढा, लोकेशनची परवानगी द्या. फोटो काढा, शक्यतो फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने, मग घरी आल्यावर निवांत अपलोड करा, रस्त्यात उभं राहून टाइप करत बसू नका. फोटोत तारीख, वेळ, जागा आपोआप साठलेली असते, ॲप ती उचलतं. तरी पिन, म्हणजे नकाशावरची जागेची खूण, एकदा बघाच. पिनच्या भोवती एक गोल दिसतो, तो गोल म्हणजे जागेतली चूक किती असू शकते त्याचा अंदाज, तो दहा-वीस मीटरचा असेल तर उत्तम, तीन किलोमीटरचा असेल तर फोनला जीपीएस नीट मिळालेलं नाही, मग नकाशा झूम करून पिन हाताने हलवा आणि गोल लहान करा. आणखी एक, कांगारू होता लांब त्या टेकडीच्या उतारावर आणि पिन पडते तुम्ही उभे होतात त्या कार पार्कवर. शंभरेक मीटरचा फरक असेल तर पिन कांगारूवर नेऊन ठेवा.

मग नाव सुचवा, सेव्ह करा, झालं. तुमच्याशिवाय आणखी कुणीतरी तेच नाव दिलं, म्हणजे ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशपेक्षा जास्त लोकांचं एकमत झालं, आणि फोटो-तारीख-जागा सगळं असलं, की नोंदीला "रिसर्च ग्रेड" असा शिक्का मिळतो.

माझा फोटो एकदम भंगार आलाय, लांबून, अंधारात. चालेल?

चालेल! हे इन्स्टाग्राम नाही. कान आणि शेपटी कळत असली, अंगाचा रंग थोडा समजत असला तरी खूप. एकाच प्राण्याचे तीन-चार फोटो असतील तर ते एकाच नोंदीत टाका, वेगवेगळ्या नको. शक्य असेल तर एक समोरून चेहऱ्याचा, एक बाजूने पूर्ण अंगाचा शेपटीच्या टोकापर्यंत. शेपटी कापू नका फोटोतून, लोकांना सवयच असते चेहरा मधे घ्यायचा आणि बाकी सगळं फ्रेमच्या बाहेर, आणि नेमकी ओळखायची खूण तिथेच असते.

कांगारू आणि वॉलबीमधला फरक मला अजून कळलेला नाही, मोठा तो कांगारू आणि छोटी ती वॉलबी एवढंच ना?

ढोबळमानाने हो, पण कांगारूचं पिल्लू पण छोटंच असतं ना, त्यामुळे नुसत्या उंचीवर जाऊ नका. आधी आपल्या भागात काय काय असतं ते माहीत करून घ्या, अर्धं काम तिथेच होतं. मेलबर्नच्या आसपास मोकळे राहणारे म्हणजे मुख्यतः दोन, ईस्टर्न ग्रे कांगारू आणि स्वॉम्प वॉलबी.

ईस्टर्न ग्रे उघड्यावर असतात, गवत खातात, कळपाने असतात. वुडलँड्स हिस्टॉरिक पार्क, म्हणजे एअरपोर्टच्या बाजूलाच, किंवा टेम्पलस्टोचं वेस्टरफोल्ड्स पार्क, यू यँग्ज, लिस्टरफील्ड, हँगिंग रॉक, कुठेही सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला जा, दिसतीलच. चरताना बघा कधी नीट, पळताना सगळेच बघतात. पुढचे दोन छोटे हात जमिनीवर टेकवतो, शेपटी मागे जमिनीत रोवतो, आणि मग मागचे दोन्ही लांब पाय एकदम उचलून पुढे आणून ठेवतो, परत हात पुढे, परत शेपटी, असं डुलत डुलत. म्हणजे शेपटी हा पाचवा पायच. २०१४ मध्ये लाल कांगारूंवर मोजून बघितलं होतं, तर अशा संथ चालीत पुढे ढकलायचा जोर शेपटी एकटी जेवढा लावते तेवढा बाकीचे चारही पाय मिळून लावतात. आणि हे सगळं चालू असताना एक कान तुमच्याकडे आणि दुसरा मागे रस्त्याकडे, दोन्ही वेगवेगळे फिरत असतात.

स्वॉम्प वॉलबी हा एकदम वेगळा मामला. एकटी असते, झाडोऱ्यात असते, रंग गडद, जवळजवळ काळपट चॉकलेटी, पोटाकडे तांबूस, गालावर फिकट पट्टा, पंजे काळे, कधी शेपटीच्या टोकाला पांढरं. पळते तेव्हा डोकं खाली आणि शेपटी सरळ मागे, ताठ काठीसारखी. गवतापेक्षा झुडपांचा पाला जास्त खाते, फांदी पुढच्या दोन्ही हातांनी धरून ओढून घेते आणि पानं ओरबाडते, ब्रॅकन फर्न पण खाते. वॉरंडाइटच्या बाजूला यारा नदीच्या काठाने, फिलिप आयलंडवर रस्त्याच्या कडेला, चिकार आहेत. स्वभावाने लाजाळू पण शहरात घुसायला मागेपुढे बघत नाही, जानेवारी २०१८ मध्ये एका स्वॉम्प वॉलबीने पहाटे सिडनीचा हार्बर ब्रिज ओलांडला होता, पोलीस मागे, ही पुढे, शेवटी पकडून तरोंगा झूच्या डॉक्टरांकडे नेली.

एक गंमत सांगते, हिचा जीवशास्त्रात पण वेगळाच थाट आहे, मादीला १० गुणसूत्रं आणि नराला ११. आणि २०२० मध्ये संशोधकांनी अल्ट्रासाउंडने दाखवलं की पहिलं पिल्लू जन्मायच्या आधीच तिला दुसरा गर्भ राहतो. म्हणजे बाई कायमच गरोदर. बायकांच्या ग्रुपमध्ये हे सांगितलं की सगळ्या गप्पच होतात.

बाकी राज्यांत अजून प्रकार आहेत. न्यू साउथ वेल्स-क्वीन्सलँडला रेड-नेक्ड वॉलबी खूप, मान-खांदे तांबूस, नाक आणि पंजे काळे, वरच्या ओठावर पांढरी रेघ. टास्मानियातली बेनेट्स वॉलबी म्हणजे तीच, तिथली उपजात, ब्रूनी आयलंडवर तर पांढऱ्या पण आहेत. उत्तरेला डार्विन-केर्न्सकडे अजाइल वॉलबी, वाळूच्या रंगाची, मांडीवर फिकट पट्टा. मॅकायजवळच्या केप हिल्सबरोचे ते फेमस बीचवर सूर्योदयाचे फोटो बघितले असतील, "कांगारू ऑन द बीच" म्हणून फिरतात, त्यातल्या बऱ्याच अजाइल वॉलबी असतात.

ईस्टर्न ग्रे की वेस्टर्न ग्रे, कसं ओळखायचं?

मेलबर्न, सिडनी, कॅनबेरा, ब्रिस्बेन असेल तर ईस्टर्न. पर्थ आणि ॲडलेडच्या टेकड्या, तिथे वेस्टर्न, पर्थवाल्यांनी यांचेपला किंवा पिनारूच्या दफनभूमीत बघितले असतील ते वेस्टर्नच. घोळ होतो तो मधल्या पट्ट्यात, पश्चिम व्हिक्टोरिया, ग्रॅम्पियन्स, मॅली, न्यू साउथ वेल्सचा पश्चिम भाग, तिथे दोन्ही एकत्र असतात. वेस्टर्न जरा तपकिरी, चेहरा जास्त गडद. आणि मोठ्या नराला वास येतो, इथले लोक त्याला "स्टिंकर" म्हणतात आणि हा वास करीसारखा असतो असं वर्णन करतात!! आता कुठली करी ते त्यांनाच विचारा, आपल्या कुठल्या आमटीला असा वास येतो मला तरी माहीत नाही. वासाचा फोटो निघत नाही त्यामुळे शंका असेल तर वरच्या पातळीवर ओळख द्या, म्हणजे नुसतं "ग्रे कांगारू", पुढचं जाणकार बघून घेतील.

आणि मेलबर्नजवळ "लाल कांगारू बघितला" म्हणून सांगणारे खूप भेटतात. तो तांबूस दिसणारा ग्रेच असतो, संध्याकाळच्या उन्हात सगळेच तांबूस दिसतात. खरे लाल कांगारू मिल्ड्युरा, ब्रोकन हिल, आतल्या कोरड्या भागात. त्यांच्या तोंडाच्या बाजूला काळ्या-पांढऱ्या खुणा असतात, नाकाचा भाग उघडा असतो, ग्रेचं नाक केसाळ. आणि गंमत म्हणजे लाल कांगारूच्या माद्या बऱ्याचदा निळसर राखाडी असतात.

ॲपने नाव सुचवलं तर ते बरोबर धरायचं ना?

डोळे झाकून नाही. ॲप फोटो बघून अंदाज करतं आणि बऱ्याच वेळा बरोबरही असतं पण धूसर फोटोत, पिल्लाच्या फोटोत, अंधारात गडबडतं. सुचवलेल्या नावावर टॅप केलं की नकाशा दिसतो, तो प्राणी तुमच्या भागात कुणी नोंदवलाय का ते बघा. पर्थमध्ये बसून ईस्टर्न ग्रे टिकमार्क केला तर कुणीतरी येऊन दुरुस्त करेलच पण तेवढा त्याचा वेळ गेला. खात्री नसेल तर "कांगारू-वॉलबी कुळ" एवढंच लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

कुणी माझी ओळख चूक म्हणून बदलली तर?

तर थँक्यू म्हणायचं, पटलं नाही तर विचारायचं कशावरून म्हणता. भांडायचं नाही. ओळख देणारे पण तुमच्याआमच्यासारखेच, फुकट बसून करतात, त्यातले काही खरोखर आयुष्यभर याच प्राण्यांवर काम केलेले असतात आणि तुमच्या भंगार फोटोवर दोन ओळींत असं काही सांगून जातात की ते वाचून शिकायला मिळतं.

एकदम तीस-चाळीसचा कळप दिसला, तीस नोंदी करू का?

नको नको. एका जातीची एक नोंद करा आणि नोट्समध्ये लिहा "अंदाजे ३५, त्यात ४ माद्यांच्या पिशवीत पिल्लं, २ मोठे नर". मोजताना कांगारू बसलेले मोजा, उड्या मारायला लागले की हिशोब गेला. एक सांगते, आपल्याला अंदाज फुगवायची सवय असते, लग्नाला किती माणसं होती विचारलं की दीडशेची तीनशे होतात, इथे ते करू नका, कमी लिहिलं तर चालेल. त्याच कळपात वॉलबी पण दिसली तर तिची नोंद वेगळी.

आमच्या मागे रोज तेच दिसतात. रोज टाकायचं का?

रोज नको, पण आठवड्यातून एकदा टाकाच, आणि हे मी मुद्दाम जोर देऊन सांगते. लोक एकदा नोंद करतात आणि मग म्हणतात झालं की आमचं. एका नोंदीवरून एवढंच कळतं की त्या दिवशी तिथे होता. वर्षभराच्या नोंदी असल्या की कळतं उन्हाळ्यात पाण्याकडे सरकतात का, नवीन रस्ता झाल्यावर किती महिन्यांनी कमी झाले, पिशवीतून डोकावणारी पिल्लं कधी जास्त दिसतात. नोट्समध्ये साधी गोष्ट लिहा, "कुंपणाच्या आतल्या बाजूला", "बाजूच्या प्लॉटवर काम सुरू झालंय", "कुत्रा मागे लागला होता". कानात रंगीत टॅग किंवा गळ्यात पट्टा असेल तर झूम करून फोटो घ्या आणि कुठल्या कानात कुठला रंग ते लिहा, कारण तो कुणाच्या तरी अभ्यासातला प्राणी आहे. अँगलसीच्या गोल्फ कोर्सवरच्या कांगारूंचा मेलबर्न विद्यापीठाच्या लोकांनी असाच टॅग लावून कित्येक वर्षं अभ्यास केलाय, तिथे गोल्फ खेळणारे आणि कांगारू दोघंही एकमेकांना सरावलेत.

व्हॉट्सॲपवर एकाने मस्त फोटो पाठवला, तो टाकू का?

नाही. एक तर तो फोटो तुमचा नाही, दुसरं म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली जागा आणि वेळेची माहिती उडालेली असते, म्हणजे तुम्ही अंदाजाने तारीख टाकणार आणि जागा टाकणार, आणि खोटी नोंद तयार होणार. ज्याने काढला त्यालाच अकाउंट काढायला लावा. तुमचेच जुने फोटो असतील, २०१६ ची ग्रेट ओशन रोड ट्रिप वगैरे, ते मात्र बिनधास्त टाका, तारीख आणि जागा खात्रीने माहीत असेल तर जुनी नोंद उलट जास्त मोलाची. फक्त सुट्टीला पुण्याला जाऊन तिथून अपलोड करत असाल तर वेळ आणि टाइम झोन एकदा तपासा, पहाटेचा कांगारू भर रात्रीचा व्हायला नको.

रस्त्यावर मेलेला दिसला तर नोंदवायचा का? कसंतरीच वाटतं

वाटतं, पण हो, नोंदवा. कुठल्या वळणावर सारखे मरतात हे कळलं तर तिथे बोर्ड, कुंपण, स्पीड कमी करणं यासाठी काहीतरी दाखवता येतं. नोंदीत "मृत" अशी खूण करायची सोय आहे. पण आधी स्वतःचा जीव, फ्रीवेवर अजिबात थांबायचं नाही, लहान रस्त्यावर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला, हॅझर्ड लाइट चालू.

आणि मादी असेल तर पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं, आई मेल्यानंतर सुद्धा बराच वेळ. अंगावर स्प्रे पेंटची खूण असेल तर रेस्क्यूवाल्यांनी पिशवी तपासून झालेली आहे असं समजा. नसेल तर फोन करा, व्हिक्टोरियात वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया ०३ ८४०० ७३००, न्यू साउथ वेल्समध्ये वायर्स १३०० ०९४ ७३७, आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. पिल्लू दिसलं आणि ते तोंडाने स्तनाला चिकटलेलं असेल तर ओढू नका, इजा होते, फोनवर ते सांगतील तसंच करा. सुटं असेल तर उशीच्या अभ्र्यात, उबेत, अंधारात, शांत जागी ठेवा. गायीचं दूध पाजू नका, आपल्याकडे भुकेलं बाळ दिसलं की दूध पाजायचं हे रक्तातच असतं पण इथे त्याने पिल्लाला त्रास होतो. गाडीत गाणी बंद. मुलांना हातात देऊ नका.

प्राणी दिसलाच नाही, नुसत्या लेंड्या आणि पाऊलखुणा दिसल्या तर?

त्याचीही नोंद होते. लेंड्यांच्या बाजूला नाणं किंवा किल्ली ठेवून फोटो काढा म्हणजे आकार कळतो, वरून एक आणि बाजूने एक. लेंड्या एकदम चौकोनी ठोकळे असतील तर तो वॉम्बॅट, म्हणजे इथला बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी, त्याचे ठोकळेच असतात. पाऊलखुणांमध्ये मागच्या पायाचं एक मधलं बोट बाकीच्यांपेक्षा चांगलंच लांब उमटलेलं दिसतं. नेमकी जात यावरून सांगणं अवघड आहे, कुळापर्यंत ओळख दिली तरी पुरे.

झूमधला कांगारू?

टाकू शकता पण "बंदिस्त" अशी खूण करा, तो रिसर्चला जात नाही. फरक एवढाच बघायचा, प्राणी स्वतःच्या मर्जीने तिथे आहे का. हीलझव्हिल सँक्च्युअरीच्या पिंजऱ्यातली वॉलबी बंदिस्त, त्याच्याच कार पार्कच्या झाडीत बाहेरून आलेली वॉलबी मोकळी. गोल्फ कोर्सवरचे मोकळेच. पर्थजवळच्या रॉटनेस्ट बेटावरचे क्वोका, वॉलबीचेच छोटे नातेवाईक, ते पण मोकळे, कितीही सेल्फीला उभे राहोत.

माझ्या घराची जागा सगळ्या जगाला दिसेल का?

डीफॉल्टने दिसते. बॅकयार्डमधला फोटो असेल तर जिओप्रायव्हसीत "ऑब्स्क्युअर्ड" निवडा, मग नेमकी पिन लपते आणि साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवली जाते. दुर्मीळ जातींसाठी ॲप हे स्वतःच करतं. ब्रश-टेल्ड रॉक-वॉलबी हे त्यातलं ठळक नाव, कड्यांवर राहणारी, २०१९-२० च्या वणव्यांनंतर खायला उरलं नाही म्हणून न्यू साउथ वेल्स सरकारने हेलिकॉप्टरमधून गाजरं आणि रताळी टाकली होती ती यांच्यासाठीच. अशी कुठे दिसली तर नोंद करा पण नेमकी जागा ग्रुपवर शेअर करू नका, दुसऱ्या दिवशी दहा गाड्या तिथे जातात.

जवळ जाऊन फोटो काढला तर?

नका. त्याने चरणं थांबवून तुमच्याकडे बघायला सुरुवात केली म्हणजे तुम्ही जरुरीपेक्षा जवळ आहात. मोठा नर उभा राहिला, छाती खाजवायला लागला, तर फोटो विसरा, ताठ उभं राहून नजरेला नजर भिडवू नका, थोडं वाकून तिरके तिरके मागे सरका, मुलांना मागे घ्या, कुत्रा असेल तर पट्टा आवळा. आणि खायला घालणं तर अजिबात नाही. ब्रेडसारख्या मऊ खाण्याने जबड्याला सूज येऊन सडण्याचा आजार होतो, "लंपी जॉ" म्हणतात, वाईट मरण असतं. शिवाय माणसाच्या हातात खाऊ असतो हे एकदा कळलं की ते अंगावर येतात, न्यू साउथ वेल्समधल्या मोरिसेटला पर्यटक गाजरं घेऊन जायचे आणि २०१८ मध्ये लोकांना लाथा-पंजे बसल्यावर इशारे द्यावे लागले. गाजराची पिशवी घेऊन सेल्फीला जाणारे आपलेही पुष्कळ आहेत, माहितीये मला. ड्रोन पण नको, कळप उधळतो आणि कुंपणाच्या तारेत अडकतो.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांना जमेल का? आणि मुलांना?

आई-बाबांसारखं कोणी नाही या कामाला! सकाळी साडेपाचला उठून वॉकला जाणार, रोज तोच रस्ता, रोज तीच वेळ, आणि कुठल्या बाकाजवळ काल किती होते हे तोंडपाठ. आपण नऊला ऑफिसला पळतो, कांगारू बघायची वेळ त्यांचीच. त्यांना टाइप करायचा कंटाळा असेल तर त्यांनी फक्त फोटो काढायचा, लोकेशन चालू ठेवायचं, संध्याकाळी तुम्ही त्यांच्याच फोनवरून अपलोड करून द्यायचं. नोट्स मराठीत लिहिल्या तरी हरकत नाही, पण ओळख देणाऱ्याला कळावं म्हणून संख्या आणि एखादी ओळ इंग्रजीत टाका.

मुलांचं म्हणाल तर तेरा वर्षांखालच्यांना आयनॅचरलिस्टवर पालकांच्या परवानगीशिवाय स्वतःचं अकाउंट काढता येत नाही, सोपं म्हणजे तुमच्या अकाउंटवरून तुम्ही टाका. नाहीतर "सीक" नावाचं त्यांचंच दुसरं ॲप आहे, त्याला अकाउंटच लागत नाही, कॅमेरा धरला की नाव सांगतं.

मी न्यूझीलंडला असते, इकडे वॉलबी दिसली तर?

मग एकदम उलटं गणित! तिकडे वॉलबी बाहेरून आणलेली आहे, १८७० च्या सुमारास सर जॉर्ज ग्रे यांनी कावाऊ बेटावर हौसेने आणून सोडल्या, आता रोटोरुआकडे तामार आणि वायमाटेकडे बेनेट्स वॉलबी पसरल्यात, झाडांची रोपं खाऊन टाकतात, आणि सरकारची त्यांच्या निर्मूलनाची मोहीम चालू आहे. नेहमीच्या भागाबाहेर दिसली तर नुसतं आयनॅचरलिस्टवर टाकून थांबू नका, तिथली वॉलबी कळवायची सरकारी वेबसाइट आहे तिथे लगेच कळवा. मेलेली असली तरी.

आणि भारतात दिसला तर?

हसू नका, झालंय असं. एप्रिल २०२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये सिलिगुडीजवळ रस्त्याकडेला कांगारू सापडले होते, अशक्त, घाबरलेले, त्यांच्याबरोबर मेलेलं पिल्लू पण मिळालं. तस्करीतून आणून सोडून दिलेले. असं काही कधी दिसलं तर रील काढत बसू नका, वनखात्याला फोन.

या सगळ्या नोंदींवरून ऑस्ट्रेलियात एकूण किती कांगारू आहेत ते कळतं का?

नाही, आणि कुणी तसा दावा केला तर विश्वास ठेवू नका. मोजणीसाठी राज्य सरकारं विमानातून वगैरे सर्व्हे करतात, ते वेगळं काम. आपल्या नोंदी जिथे माणसं जातात तिथल्याच असतात, शहराजवळ, रस्त्याजवळ, वीकेंडला. नकाशावर जिथे ठिपका नाही तिथे कांगारू नाही असं नसतं, तिथे फोन घेतलेला माणूस गेला नाही एवढंच. हे माहीत असलं की डेटा वापरणारे त्याप्रमाणे हिशोब धरतात. पण कुठली जात कुठपर्यंत पसरली, शहराच्या कडेला कोण अजून टिकून आहे, आगीनंतर कोण कुठे परत आलं, हे या ठिपक्यांवरून दिसतं.

फोटोचा हक्क कुणाकडे राहतो?

तुमच्याकडेच. डीफॉल्ट लायसन्स असं असतं की तुमचं नाव देऊन, धंद्यासाठी सोडून, कुणीही वापरू शकतो. सेटिंगमध्ये बदलता येतं पण "सर्व हक्क राखीव" केलंत तर फोटो पुढे जीबिफसारख्या जागतिक डेटाबेसला जात नाही, मग एवढा खटाटोप अर्धाच उपयोगाचा. मी तरी डीफॉल्टच ठेवलंय.

एवढं वाचून पण पहिली नोंद अडली तर?

अडली तर शनिवारी सकाळी साडेसहाला वुडलँड्सच्या कार पार्कला या, आम्ही तीन-चार जण असतोच, थर्मासमध्ये चहा असतो. फोन पूर्ण चार्ज करून आणा आणि ॲप घरूनच वायफायवर डाउनलोड करून या.